आमचे पैठण : नाथषष्ठीची जत्रा आणि पैठणीचा माग



आमचे गाव पैठण तालुक्यात आहे. जिल्हा छत्रपती संभाजीनगर. २०२३ सालापर्यंत जिल्ह्याचे नाव औरंगाबाद होते. माझी आजी अजून औरंगाबादच म्हणते. पैठण हे गोदावरीच्या काठी आहे. शहरापासून अंतर सुमारे ५० किलोमीटर. पैठणचे जुने नाव प्रतिष्ठान. सातवाहन राजांची ती राजधानी होती. जवळच जायकवाडीचे धरण आहे. ते १९७६ साली पूर्ण झाले. त्याला २७ दरवाजे आहेत आणि त्याच्या पाण्याला नाथसागर म्हणतात. नाथ म्हणजे संत एकनाथ महाराज. ते पैठणचेच.

माझी मावशी पैठणला राहते. ती पैठणी विणते. गुरुजींना विचारून मी नाथषष्ठीला तिच्याकडे गेले. तिथे काय काय पाहिले ते सांगते.

जत्रा कशी असते

एकनाथ महाराजांनी फाल्गुन वद्य षष्ठीला समाधी घेतली. त्याला सुमारे ४२५ वर्षे झाली. म्हणून दर वर्षी त्या तिथीला जत्रा भरते. षष्ठी, सप्तमी आणि अष्टमी असे तीन दिवस गावात पाय ठेवायला जागा नसते. लांबलांबून दिंड्या पायी येतात. वारकरी गोदावरीत स्नान करतात आणि समाधीचे दर्शन घेतात. गावात नाथांचा वाडा आहे. तिथे एक रांजण आहे. देवाने श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी पाणी भरले, अशी कथा आहे. म्हणून जत्रेच्या वेळी लोक त्या रांजणात पाणी ओततात. रांजण भरून वाहिला की देव आला असे मानतात. अष्टमीला काल्याची दहीहंडी फुटते आणि जत्रा संपते.

रात्री मी भारूड पाहिले. नाथांनी पुष्कळ भारुडे लिहिली आहेत. भारूड म्हणजे गाणे आणि सोंग दोन्ही. बुवा विंचू चावल्याचे सोंग करत होते. सगळे लोक हसले. मग बुवांनी समजावले की हा विंचू म्हणजे आपला राग. मला आधी नुसता विंचूच कळला होता!

जत्रेत दुकाने लई असतात. तुळशीच्या माळा, बुक्का, टाळ, बांगड्या, रेवड्या, फुटाणे, लोखंडी कढया, तवे, खेळणी. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज लांबून येतो. मी एका आजींना विचारले, तुम्ही एवढ्या माळा कधी करता? त्या म्हणाल्या, "बाळा, चार महिने घरी बसून ओवते आन् तीन दिवसांत विकते." म्हणजे जत्रा आपल्याला मजा असते, पण कितीतरी घरांचे ते पीकच असते.

पैठणी कशी विणतात

पैठणी हे नाव पैठणवरूनच पडले. आता येवल्यालाही पुष्कळ माग आहेत. रेशीम बंगळूरकडून येते आणि जर सुरतेहून. पूर्वी जर सोन्याचांदीच्या तारेची असायची.

मावशीचा माग घरातच आहे. मागाखाली खड्डा आहे. ती काठावर बसून पाय खड्ड्यात सोडते आणि पायाने पावडी दाबते. मागावर उभे धागे ताणलेले असतात, त्याला ताणा म्हणतात. आडवा धागा म्हणजे बाणा. पावडी दाबली की ताण्याचे काही धागे वर जातात आणि काही खाली राहतात. मधल्या फटीतून धोटा या बाजूचा त्या बाजूला जातो. मग फणी ठोकली की धागा घट्ट बसतो. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला तर साडी हलवताना रंग बदलतो. त्याला धूपछाँव म्हणतात.

पदराचे काम फार सावकाश होते. पदरावर मोर, पोपट, कमळ, वेल असतात. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते. ताण्याचे धागे मोजायचे आणि बोटांनी कांडी त्यातून काढायची. एक धागा चुकला तरी मोराची मान वाकडी होते. साधी पैठणी व्हायलाही महिना लागतो. पदर भरगच्च असला तर कितीतरी महिने जातात.

माझी चूक

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला लाज वाटते. पण गुरुजी म्हणाले, खरे असेल ते लिही.

सप्तमीला दुपारी मावशी चहा ठेवायला उठली. मला वाटले आपण पण विणून पाहू. मी पावडीवर पाय दिला आणि हिरवी कांडी ओढली. कांडी अडकली. मी जोरात ओढली. ताण्याचे पाच धागे तुटले. माझे हातपाय गार पडले. मला वाटले गुपचूप जत्रेत पळून जावे. मी दारापर्यंत गेलेही. पण ती साडी एका नवरीची होती. अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी तिच्या घरची माणसे न्यायला येणार होती. साडी झाली की मगच मावशीला मजुरी मिळणार होती. मी परत आले आणि रडत सगळे सांगितले.

मावशी रागावली नाही. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुटलेला धागा दिसला तर जोडता येतो. लपवला असतास तर पुढची सगळी नक्षी वाया गेली असती." तिने दोन बोटे विणलेले उसवले आणि एकेक धागा जोडला. अष्टमीला ती मला दहीहंडीला नेणार होती. ती दिवसभर मागावरच बसली. मी पण गेले नाही. तिच्याजवळ बसून कांड्या भरल्या. बाहेरून टाळांचा आवाज येत होता. रात्री शेजारच्या काकूंनी काल्याचा प्रसाद आणून दिला. साडी वेळेवर झाली. ती नेणारांना काही कळले नाही, पण मला माहीत आहे तो मोर कोणता.

पैठणी कशी ओळखावी

जत्रेत एका दुकानदाराने आईला यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून दाखवली होती. मावशीने आम्हाला ओळखायचे शिकवले. पदर उलटा करून पाहायचा. हातमागावरच्या पैठणीचा मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. यंत्राच्या साडीला उलट्या बाजूने सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. यंत्राची साडी स्वस्त असते, ती घ्यायला हरकत नाही. पण हातमागाचे पैसे मागून ती कोणी देत असेल तर नको म्हणावे.

म्हणून आईबाबांनो, पैठणी घ्यायची झाली तर पदर उलटा करून पाहा. आणि मित्रांनो, पैठणला गेलात तर माग जरूर पाहा. विचाराल ते लोक सांगतात. फक्त विचारल्याशिवाय कांडीला हात लावू नका!

इयत्ता ४ थी