तराजू, हेतू आणि दुसऱ्याचा डबा

दिवाळी जवळ आली, की ऊद मेथातल्या आपल्या घरांतून अनारशांची बोलणी सुरू होतात आणि गावाहून येणाऱ्यांना ताकीद जाते, "खसखस आणू नका हो!" पुण्याला कुठल्याही वाण्याकडे मिळणाऱ्या या वस्तूला अमिरातीत बंदी आहे. त्यावरून सहज मनात येते, अमली पदार्थांच्या खटल्यात न्यायालये शिक्षा ठरवतात तरी कशी?

भारतात पहिला मान तराजूचा. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात २००१ साली दुरुस्ती होऊन शिक्षा वजनाशी बांधली गेली. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत किंवा गांजा एक किलोपर्यंत असेल तर मात्रा अल्प. अनुक्रमे २५० ग्रॅम आणि २० किलोंच्या वर गेली की व्यापारी. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत, मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत आणि व्यापारी मात्रेला १० ते २० वर्षे सक्तमजुरी. वजन भेसळीसकट धरायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. किमान शिक्षेहून अधिक द्यायची तर न्यायाधीश शस्त्रांचा धाक, अल्पवयीन मुलांचा वापर, अधिकारपदाचा गैरवापर अशा गोष्टी पाहतात. दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला काही गुन्ह्यांत फाशी सक्तीची होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली ती सक्ती अमान्य केली. माणूस न पाहता शिक्षा ठरू नये, हे त्यामागचे तत्त्व.

अमिरातीत कळीचा प्रश्न हेतूचा: पदार्थ स्वतःसाठी की विक्रीसाठी? १९९५ च्या कायद्यात सेवनालाही किमान चार वर्षे कैद होती. २०१६ मध्ये ती दोन वर्षांवर आली. २०२१ च्या नव्या कायद्याने पहिल्या सेवनाला किमान तीन महिने कैद किंवा २० हजार ते एक लाख दिरहॅम दंड ठरवला. व्यापाराला मात्र जन्मठेप आणि प्रसंगी देहदंडही आहे.

आता आपल्या कामाची गोष्ट. 'बॅगेत काय आहे ते मला ठाऊक नव्हते' हा बचाव सोपा नाही. भारतीय कायदा आरोपीला ठाऊक होते असेच गृहीत धरतो. नव्हते, हे त्याने निःसंशय सिद्ध करायचे. इथेही ज्याच्या बॅगेत वस्तू सापडते, चौकशी त्याच्यापासूनच सुरू होते. तेव्हा 'एवढा डबा भाच्याला पोचवा' असे कोणी म्हणाले, तर भीड न बाळगता तो समोर उघडायला लावावा. माणूस रागावेल, पण राग निवळतो, कैदेतली वर्षे परत येत नाहीत.