डोंगरावरचा एकांत, गावातली जागा

एकाकीपणा माणसावर कोसळतो; एकांतासाठी मात्र त्याला घरातून उठून जावे लागते. तुकारामांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी याच क्रमाने आल्या.

देहूचे हे घराणे जातीने कुणबी, धंद्याने वाणी, गावची महाजनकी सांभाळणारे. आईवडील गेले, वहिनी वारली आणि थोरला भाऊ सावजी तीर्थयात्रेला निघून गेला. त्यातच 1630 च्या सुमारास दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. पहिली बायको अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला, दिवाळे निघाले. आपली ही हकिगत तुकारामांनी संतांच्या आग्रहावरून एका अभंगात सांगितली आहे. तिच्यात दुःखाइतकीच लाज आहे. ज्याची पत गेली त्या वाण्याला गावात उभे राहायला जागाच उरत नाही.

देहूभोवतीचे भामचंद्र, भंडारा आणि घोरवडेश्वर हे डोंगर त्यांनी जवळ केले. हिमालय नाही, काशीही नाही. भंडाऱ्यावरून इंद्रायणीचा काठ नजरेत येतो. दुसरी पत्नी जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढत असे, असे परंपरा सांगते. म्हणजे घर सुटलेले नव्हते. (जिजाईच्या पायपिटीचा हिशेब मात्र कीर्तनात बहुधा विनोदापुरताच येतो.) परंपरेनुसार घराण्याची कर्जखते काढली गेली तेव्हा धाकट्या कान्होबाचा वाटा त्याला मिळाला आणि तुकारामांनी स्वतःच्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले. सावकार म्हणून असलेली ओळख त्या कागदांबरोबर बुडाली.

पण डोंगरावरचा हा एकांत रिकामा नव्हता. तिथे पाठांतर चाले. आधीच्या संतांची वचने तोंडपाठ करणे हा त्या दिवसांचा मुख्य उद्योग होता. झाडेवेली आणि पाखरे यांनाच त्यांनी सोयरे मानले आणि वाद घातला तो स्वतःच्या मनाशी. खरेखोटे ठरवताना आपण मनालाच साक्षीला धरले, बहुमताला मानले नाही, असे ते त्या आत्मकथनपर अभंगात सांगतात. गंमत अशी की गाथेत इतरत्र याच मनाला त्यांनी पदोपदी फटकारले आहे. असा साक्षीदार उलटतपासणीवाचून चालत नाही, आणि ती उलटतपासणी चारचौघांत होण्यासारखी नव्हती.

ती चालू असतानाच पावले गावाकडेही वळत होती. मोडकळीला आलेले विठ्ठलाचे देऊळ त्यांनी दुरुस्त केले. तिथे एकादशीला कीर्तन सुरू झाले. आरंभी अभ्यासात चित्त लागत नव्हते, हेही त्यांनी लपवलेले नाही. इतर गात असताना मागे उभे राहून ध्रुपद धरणे, ही त्यांची कीर्तनातली पहिली जागा. स्वप्नात नामदेवांनी कवित्वाची आज्ञा दिली, ते त्यानंतरचे.

कवी म्हणून मिळालेली जागाही निर्वेध नव्हती. शूद्राने धर्म सांगावा हे ब्राह्मण पंडित रामेश्वरभटांना रुचले नाही. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या आणि तुकाराम देवापुढे धरणे धरून बसले. पुढे हेच रामेश्वरभट त्यांचे अनुयायी झाले, तर ब्राह्मण घरातल्या बहिणाबाईंनी त्यांना गुरू मानले.

तुकारामांचे स्वतःचे गुरू बाबाजी चैतन्य यांनी त्यांना स्वप्नात उपदेश केला ती तिथी माघ शुद्ध दशमी. त्या निमित्ताने भंडाऱ्यावर आजही गाथेचे पारायण होते आणि डोंगरावर हजारोंची गर्दी लोटते.