पत्राइतकाच पोस्टमन महत्त्वाचा!

विज्ञानावर चार शब्द बोलायला कुठे गेलो की एक प्रश्न हमखास येतो. ‘सदोष जनुक सापडले म्हणता, मग चांगले जनुक टोचून रोग बरा का करत नाहीत?’ प्रश्न रास्त आहे. अडचण पत्राची नाही, पोस्टमनची आहे.

नुसता डीएनए रक्तात सोडला, तर तिथली विकरे त्याचे तुकडे पाडतात. त्यातून तो पेशीपर्यंत पोहोचलाच, तरी दार बंद! डीएनएवर ऋण विद्युतभार, पेशीच्या पृष्ठभागावरही ऋणच. समान भार एकमेकांना दूर लोटतात, हे आपण शाळेत शिकलोच आहोत.

पेशीत शिरण्यात विषाणू तरबेज. म्हणून त्यांचीच नांगी मोडून त्यांना पोस्टमन केले गेले. पण शरीर जुना शत्रू विसरत नाही. जेसी गेल्सिंगर या अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलाला यकृतातल्या एका दोषामुळे रक्तात अमोनिया साठण्याचा विकार होता. पथ्य आणि औषधांवर तो बरा चालला होता. तरीही फिलाडेल्फियातल्या एका चाचणीसाठी तो आपणहून पुढे आला. १३ सप्टेंबर १९९९ रोजी विषाणूमार्फत त्याला जनुक टोचले. शरीराने त्या वाहकाविरुद्ध असे काही रान उठवले की चौथ्या दिवशी तो गेला.

दुसरा पोस्टमन होता स्निग्ध पदार्थांचा. काही स्निग्ध रेणूंचे डोके पाण्यात रमते, शेपूट मात्र पाणी टाळते. पाण्यात ते आपोआप पोकळ गोळ्या बांधतात, हे इंग्लंडच्या अॅलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात दाखवले. १९८७मध्ये अमेरिकेत फिलिप फेल्गनर आणि सहकाऱ्यांनी धनभारित स्निग्ध रेणू बनवला. डीएनए त्याला बिलगला आणि पेशीत शिरला. पण काचेच्या बशीत साधले ते शरीरात साधेना. सदैव धनभारित कणांना रक्तातली प्रथिने चिकटत, पेशींनाही इजा होई.

मग प्रसंग पाहून वागणारे रेणू घडवण्यात आले. त्यात कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या पीटर कलिस यांचा मोठा वाटा. हा रेणू रक्तात जवळजवळ भाररहित असतो. पेशी कण गिळते ती एका चिमुकल्या पिशवीत. पिशवीतले वातावरण आम्लधर्मी होताच रेणू धनभारित होतो, पिशवी फोडतो आणि माल बाहेर सोडतो. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो ना? आम्ल-अल्काच्या फरकाने रूप पालटण्याचाच हा प्रकार. कणाच्या बांधणीत कोलेस्टेरॉलही लागते, ज्याच्या नावाने आपण तुपाची वाटी दूर सारतो तेच!

अशा कणांतून आरएनए पोहोचवणाऱ्या पहिल्या औषधाला २०१८मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. २०२०च्या अखेरीस याच कणांवर करोनाच्या एमआरएनए लशी आल्या. पुण्याच्या जिनोव्हाच्या एमआरएनए लशीला जून २०२२मध्ये आणीबाणीतल्या वापराची परवानगी मिळाली. ती साध्या फ्रीजच्या तापमानात, २ ते ८ अंशांत टिकते.

आणि २०२५मध्ये त्याच फिलाडेल्फियात, अमोनिया साठण्याच्याच कुळातला जीवघेणा विकार घेऊन जन्मलेल्या एका बाळाला स्निग्ध कणांतून जनुक-दुरुस्तीचा मजकूर टोचला गेला. एकदा नव्हे, तीनदा. विषाणू सहसा दुसऱ्यांदा चालत नाही, कारण शरीर त्याला ओळखून अडवते. बाळ पूर्ण बरे झाले असे डॉक्टर म्हणत नाहीत, पण त्याला जास्त प्रथिने पचू लागली, औषधे कमी झाली आणि जूनमध्ये ते घरी गेले.

मात्र शिरेतून दिलेले हे कण बहुतांशी यकृतातच जातात. आपल्या नंदुरबार-गडचिरोलीत सिकलसेलने कण्हणारी मुले आहेत. त्यांचा दोष अस्थिमज्जेतल्या पेशींत. आज त्यावरच्या जनुकोपचारासाठी पेशी बाहेर काढून दुरुस्त कराव्या लागतात. तो खर्च आदिवासी पाड्यावरच्या बापाला कसा झेपावा? एका इंजेक्शनने मज्जेपर्यंत पोहोचणारा स्निग्ध कण हवा. कोणत्या जनुकात काय दुरुस्त करायचे, ते ठाऊक आहे. म्हणजे पत्र लिहून तयार आहे. त्या पत्त्यावर जाणारा पोस्टमन घडवण्याचे काम तेवढे राहिले आहे.