एका कुलपावर घर सोपवू नये

नानाखेड्यातील आपल्या मराठी घरांत आज एकाच छपराखाली निरनिराळी यंत्रे नांदतात : वडिलांच्या हिशेबाचा विंडोजचा संगणक, अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाचा लिनक्सचा, आणि बहुतेकांच्या हाती अँड्रॉइडचा फोन. यांपैकी सुरक्षित कोणते, असा प्रश्न सहज विचारला जातो. आमच्या मते तो प्रश्नच अपुरा आहे.

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक आज्ञावलीने जगभर थैमान घातले. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी तिच्या तडाख्यात सापडली आणि त्याच समूहाचे, न्हावा-शेवा बंदरातील एक टर्मिनल ठप्प झाले. विंडोजमधील ज्या छिद्राचा तिने फायदा घेतला, ते बुजविणारी दुरुस्ती त्याच वर्षीच्या मार्चमध्ये निघाली होती. परंतु एका यंत्रात शिरल्यावर तेथील परवलीचे शब्द चोरून ती दुरुस्त केलेल्या यंत्रांतही जाई. एक भिंत पक्की असून भागले नाही. मर्स्कच्या जाळ्याची कळीची नोंद शाबूत सापडली ती घाना देशात. वीज गेल्यामुळे तेथील संगणक त्या वेळी बंद होता!

म्हणून तटामागे तट हवा. पहिला तट दुरुस्तीचा. विंडोज १० चा नियमित दुरुस्ती-पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला, हे ध्यानी असावे. दुसरा अधिकाराचा : विंडोज असो वा लिनक्स, रोजचे काम सर्वाधिकार असलेल्या खात्यातून करू नये. तिसरा उगमाची पारख : लिनक्सवर अधिकृत भांडारातून, फोनवर अधिकृत दुकानातूनच आज्ञावली घ्यावी. लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल बसविली, तर बँकेचा ओटीपीही चोराच्या हाती जाऊ शकतो. तसे घडल्यास क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

शेवटचा तट प्रतींचा. कागदपत्रे व छायाचित्रे यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क यंत्रापासून सोडवून ठेवावी, आणि अधूनमधून उघडून पाहावी. देवगिरीला वेढा पडला तेव्हा धान्याची म्हणून गडावर नेलेली पोती मिठाची निघाली, अशी कथा आपण ऐकत आलो आहोत. गड बळकट होता. पोती मात्र वेळीच कोणी उघडून पाहिली नव्हती.