अडीच इंच लोखंड आणि एक तोफगोळा

समजा, तुम्हाला एक युद्धनौका डिझाइन करायची आहे. जेमतेम सहा फूट पाण्यात ती तरंगली पाहिजे. तिच्यावर तेरा तोफा हव्यात. समोरून गोळा आला तरी ती टिकली पाहिजे. मुदत साधारण दोन महिने. बोला, जमेल?

जेम्स ईड्स हा इंजिनिअर ‘जमेल’ म्हणाला. साल १८६१, अमेरिकेचं यादवी युद्ध नुकतंच पेटलेलं. उत्तरेच्या सरकारला मिसिसिपी नदी ताब्यात हवी होती, पण समुद्रावरची खोल बुडाची जहाजं उपनद्यांत शिरणार कशी? म्हणून वाफेवर चालणाऱ्या सात चिलखती बोटींचं कंत्राट निघालं. आराखडा सॅम्युअल पूक यांचा. लांबी १७५ फूट, रुंदी ५१. गोळा आपटून घसरून जावा म्हणून बाजू उतरत्या. पाणी ढकलणारं चाक मागे, आत लपवलेलं. बोटी दिसायला इतक्या बेढब, की त्यांना ‘पूकची कासवं’ हेच नाव पडलं! (मुदत अर्थातच हुकली. बोटी नौदलात दाखल व्हायला जानेवारी १८६२ उजाडला.)

खरी गोची होती वजनाची. सगळ्या बोटीला लोखंड ठोकलं तर ती सहा फुटांत तरंगणार नाही. मग ते ठोकायचं कुठे? शत्रू समोर असणार, हा हिशेब. म्हणून अडीच इंच जाडीचे पत्रे पुढच्या बाजूला आणि इंजिन-बॉयलरच्या आसपास बसवले. मागे आणि वर मुख्यतः लाकूडच.

शत्रूने हा हिशेब पाळला नाही. फेब्रुवारी १८६२ मध्ये फोर्ट डोनेल्सनच्या तोफा उंच कड्यावर होत्या. गोळे वरून आले आणि बोटींना माघार घ्यावी लागली. जूनमध्ये आर्कान्सामधल्या सेंट चार्ल्सला तर एकाच गोळ्याने घात केला. ‘माउंड सिटी’ या बोटीची बाजू फोडून तो आत घुसला आणि वाफेचा ड्रम फुटला. बंद लाकडी पेटीसारख्या त्या जागेत उकळती वाफ कोंडली. शंभराहून जास्त माणसं गेली. बाहेरचा मारा अडवायला बांधलेल्या भिंतींनी आतली वाफही अडवून धरली.

‘केरो’वर संकट खालून आलं. १२ डिसेंबर १८६२ ला याझू नदीत पाण्याखालच्या सुरुंगाने तिचं लाकडी बूड फोडलं. बारा मिनिटांत बोट तळाला गेली, पण माणूस एकही दगावला नाही.

शंभर वर्षं ती चिखलात होती. १९६४ मध्ये वर काढताना तारेचे दोर लाकडात रुतले आणि ती तीन तुकड्यांत बाहेर आली. आज व्हिक्सबर्गच्या राष्ट्रीय उद्यानात ती तोफांसह उभी आहे. शेजारच्या संग्रहालयात खलाशांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत. घाईघाईत उड्या मारताना त्यांनी त्या तशाच मागे टाकल्या होत्या.