मानेतला ॲटलास

पोरांनो, तोंड न उघडता मला 'हो' म्हणून दाखवा बरं. शाब्बास. आता तसंच 'नाही' म्हणा. या दोन्ही वेळी तुमच्या मानेतलं एक हाड कामाला लागलं. त्याचं नाव ॲटलास. हो, दप्तरातल्या नकाशांच्या पुस्तकाचं नाव, तेच!

मूळचा ॲटलास ग्रीक पुराणातला. टायटन नावाच्या महाकायांचं झ्यूस देवाशी घनघोर युद्ध झालं आणि टायटन हरले. बऱ्याच जणांना झ्यूसनं पाताळात कोंडलं. ॲटलासला मात्र जगाच्या पश्चिम टोकाला उभं केलं आणि सांगितलं, आता आभाळ पेलायचं. कायमचं.

त्याच्या खांद्यावर पृथ्वी असते असं पुष्कळांना वाटतं. पण इटलीत, नेपल्सच्या संग्रहालयात त्याचा रोमन काळातला संगमरवरी पुतळा आहे. एक गुडघा टेकलेला, मान वाकलेली, पाठीवर भला मोठा गोळा. त्या गोळ्यावर देश नाहीत की समुद्र नाहीत. तिथं कोरलेत वृषभ, सिंह, कर्क असे तारकासमूह. म्हणजे ते आभाळच!

मग नकाशांचा काय संबंध? १५७० साली ऑर्टेलियस नावाच्या नकाशाकारानं नकाशांचा मोठा संग्रह छापला, त्याचं नाव होतं 'जगाचं नाट्यगृह'. पुढं मर्केटर नावाच्या दुसऱ्या नकाशाकारानं आपल्या संग्रहाला ॲटलास म्हटलं. तो वारल्यावर १५९५ साली त्याच्या मुलानं तो छापला. मर्केटरच्या मनात होता तो त्याच नावाचा एक राजा, आकाशाचं गणित जाणणारा ज्ञानी माणूस. नाट्यगृह मागं पडलं, ॲटलास घरोघरी पोचला.

मला विचाराल, तर हे नाव खरं शोभतं ते हाडालाच. मानेत सात मणके, त्यातला सगळ्यात वरचा हा. इतर मणक्यांना पुढच्या बाजूला भरीव ठोकळा असतो, याला तो नाहीच. नुसतं कडं! कड्याच्या वरच्या अंगाला दोन उथळ वाट्या आहेत, त्यांत कवटी टेकते. त्या वाट्यांत ती मागंपुढं डोलली की झालं 'हो'.

'नाही'ची युक्ती याहून सुंदर. खालच्या दुसऱ्या मणक्यातून हाडाचा एक सुळका वर येतो आणि या कड्यात शिरतो. जात्याचा वरचा दगड मधल्या खिळ्याभोवती फिरतो ना, तसं डोक्यासकट हे कडं त्या सुळक्याभोवती वळतं. मान डावी-उजवीकडे वळते, त्यातलं जवळजवळ निम्मं वळण या एका सांध्यात होतं. आणि आभाळ पेलणाऱ्या ॲटलाससारखंच या हाडालाही आपलं ओझं, चार-पाच किलोंचं डोकं, उभ्या जन्मात कधी उतरवून ठेवता येत नाही.

जिराफाच्या त्या लांबलचक मानेतही मणके सातच असतात, आणि त्यातल्या पहिल्याचं नाव ॲटलासच आहे.