सव्वा वीत ओढ, चौदा क्विंटल भार

शंकरपटात छकडा जितका हलका तितकी बैलजोडी सुसाट, हे यवतमाळात शेंबड्या पोरालाही ठाऊक. फॉर्म्युला वनवाल्यांचा हट्ट मात्र अजब आहे. गाडी हलकी तर हवीच, पण वळणावर तीच गाडी अवजडही झाली पाहिजे! आणि ती होते. कशाच्या जोरावर? स्वतःच्या पोटाखालून धावणाऱ्या हवेच्या.

2022 ते 2025 या हंगामांतली गाडी घ्या. चालकासकट जेमतेम 800 किलो. बाजार समितीच्या काट्यावर चढवली तर आठ क्विंटल, संपलं. तिच्या तळाला दोन बोगदे कोरलेले. समोरून शिरलेली हवा त्या चिंचोळ्या वाटेतून पिसाटासारखी पळते, पळता पळता तिचा दाब उतरतो आणि वरची हवा गाडीला रस्त्यावर दाबून धरते. एवढं शास्त्र विश्वासावर घेऊ आणि आकड्यांकडे वळू, खरी मजा तिथेच आहे.

ताशी 160 किलोमीटरच्या आसपास अख्ख्या गाडीवरचा हवेचा दाब तिच्या वजनाइतका होतो, असा ढोबळ हिशेब. वेग दुप्पट झाला की दाब चौपट! म्हणजे ताशी 300 ला तो जातो 28 क्विंटलांवर. गाडीचे स्वतःचे आठ धरा, चाकांवर एकूण 36 क्विंटल! त्या 28 पैकी साधारण निम्मे, म्हणजे 14 क्विंटल, एकट्या तळाची कमाई. ना हमाली, ना तोलाई, ना कुणी चढवला, ना कुणाला उतरवायचा. गाडी थांबली की माल गायब.

या 14 क्विंटलांसाठी हवेला ओढ किती द्यावी लागते, ते मोजायला आता विहिरीवर चला. काठावरचा पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो. खरं तर बाहेरची हवा ते खालून वर ढकलते. म्हणूनच कितीही महागडा पंप आणा, दहा मीटर खालचं पाणी त्याला ओढून आणता येत नाही. हवेची सगळी ताकद तिथे संपते. पण ती ताकद तरी केवढी? दर चौरस मीटरला 100 क्विंटलांहून जास्त! आता गाडीचा तळ पाच चौरस मीटरचा धरा. 14 क्विंटल त्यावर वाटले तर चौरस मीटरला 280 किलो. विहिरीच्या मापात ही ओढ किती? 28 सेंटिमीटर. सव्वा वीत! एवढ्या ओढीने पाणी धड बादलीच्या काठालाही लागायचं नाही. हवेच्या शंभर रुपयांतले जेमतेम पावणेतीन रुपये उचलले, आणि तेवढ्यात 14 क्विंटल!

या ओढीची धास्ती किती? शहरातल्या रस्त्यांवर शर्यत असली की गटारांची झाकणं आधी वेल्डिंग करून पक्की करतात. तरी नोव्हेंबर 2023 मध्ये लास वेगासला पाण्याच्या व्हॉल्व्हचं झाकण सुटलंच. कार्लोस साइन्झच्या फेरारीचा तळ त्याने फोडला आणि पहिला सराव आठेक मिनिटांत गुंडाळावा लागला.

तळ रस्त्याला जितका जवळ तितकी ओढ जास्त, म्हणून सगळ्यांना खाली खाली जायचं असतं. त्यावर पहारा कुणाचा, तर पोटाला ठोकलेल्या एका लाकडी फळीचा! जाडी 10 मिलिमीटर, झिजायची मुभा एक मिलिमीटर. ऑक्टोबर 2023 मध्ये ऑस्टिनच्या शर्यतीत लुईस हॅमिल्टन दुसरा आला, शार्ल लक्लेर सहावा. शर्यत 300 किलोमीटरच्या वर, म्हणजे मुंबईहून पुण्याला जाऊन परत. फळी मोजली, प्रमाणाबाहेर झिजलेली. दोघेही बाद! मुंबई-पुणे-मुंबई इतकं पळून निकाल लागला नखाएवढ्या जाडीवर.

आणि पळायचीही गरज नसेल तर? मॅकमर्ट्री स्पिअरलिंग नावाच्या ब्रिटिश विजेच्या गाडीला पोटाखालची हवा उपसणारे पंखेच बसवलेत. वेग शून्य, गाडी जागेवर उभी, आणि दाब 2,000 किलो! एप्रिल 2025 मध्ये ती एका फिरत्या मचाणावर नेली, मचाण अख्खं उलटं केलं. चाकं वर, चालकाचं डोकं खाली. तशीच ती पुढे चालली, थांबली, लटकून राहिली. गाडी दहा क्विंटलची, ओढ वीस क्विंटलची. दहा क्विंटल शिल्लकच!